फाटकाची किल्ली

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादकांचा निरोप आला की आपण वैद्यक मंडळी साधारणतः मधुमेह, रक्तदाब किंवा लसीकरण यांपैकी एखादा विषय निवडतो. या वेळी मी खेळण्यातल्या एका रेल्वे फाटकाविषयी लिहिणार आहे. वरकरणी हा विषय या पानांना शोभणारा नाही. परंतु आमोण्यातील आमच्या घराच्या माडीवर, मे महिन्याच्या सुट्टीत, त्या फाटकाने मला जे शिकवले, ते तीस वर्षांच्या बालरोगचिकित्सेत इतक्या स्पष्टपणे मला कोणी सांगितले नव्हते.

आमोण्यात रेल्वे नाही. मांडवीकाठच्या या गावातील मुलांच्या ओळखीची वाहतूक म्हणजे नदीतल्या बार्जी आणि रस्त्यावरचे ट्रक. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, तरी गाडी गाठण्यासाठी आम्हाला करमळीला किंवा थिवीला जावे लागते. त्या मार्गावर सुमारे ९० बोगदे आणि सुमारे २,००० पूल आहेत. रस्ता बहुधा रुळांच्या वरून किंवा खालून जातो, त्यामुळे रेल्वे फाटकाशी इकडच्या मुलांची गाठ क्वचितच पडते.

माझ्या भाचीचा नऊ वर्षांचा मुलगा मात्र दिवाळीत पुण्याला जाऊन आला होता. कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी सुरू केलेले लहान रेल्वेगाड्यांचे संग्रहालय त्याने पाहिले होते. एका माणसाच्या छंदातून उभे राहिलेले ते छोटे शहर, त्यातील सिग्नल आणि रात्रीचे दिवे त्याच्या मनातून जाईनात. मेमध्ये तो आमच्याकडे आला तो रुळांची पेटी घेऊनच. आठ फूट बाय चार फूट प्लायवूडवर आम्ही लंबगोल मार्ग मांडला. खऱ्या गाडीच्या १/८७ मापाची ती गाडी आणि १६.५ मिलिमीटर अंतराचे रूळ. मग रूळ ओलांडणारा एक रस्ता आला, रस्त्यावर खेळण्यातली स्कूल बस आली, आणि साहजिकच फाटकाची गरज निर्माण झाली.

पहिले फाटक आम्ही बांबूच्या काडीचे केले. काडीच्या टोकाला दोरा, दोऱ्याचे दुसरे टोक फळीच्या कडेला. गाडी आली की दोरा सोडायचा, फाटक पडते. गेटमन अर्थातच तो स्वतः. दोन दिवस त्याने इमानेइतबारे काम केले. तिसऱ्या दिवशी खालून हाक आली, मानकुराद कापला होता. तो गेला, फाटक उघडेच राहिले, गाडी फिरत राहिली आणि फळीला धक्का लागून पुढे सरकलेली बस इंजिनाखाली आली. बस उलटली इतकेच. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आले. “आजो, हांव फकत आंबो खावपाक गेल्लों,” तो म्हणाला. त्याची आई मागून आली आणि तिने विचारले, “लक्ष कुठे होते तुझे?”

हा प्रश्न मी पूर्वी ऐकला होता. तो मलाच विचारला गेला होता.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो. सलग तीस तासांच्या ड्यूटीच्या शेवटी, हृदयाला जन्मजात छिद्र असलेल्या पाच किलो वजनाच्या एका बाळासाठी मी डिगॉक्सिन लिहिले. एका वेळचा डोस हवा होता ०.०२५ मिलिग्रॅम. माझ्या हातून लिहिले गेले ०.२५. दशांश चिन्हानंतरचे एक शून्य सुटले आणि मात्रा दसपट झाली. ०.२५ हा आकडा हाताच्या सवयीचा होता, कारण प्रौढांची गोळी तेवढ्याच मात्रेची असते. रात्रपाळीच्या सिस्टर कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, या बाळाला मोठ्या माणसाची अख्खी गोळी?” मी कागद पाहिला आणि माझे हात गार पडले. बाळाला औषध दिले गेले नव्हते; ते वाचले. सकाळी वरिष्ठांनी विचारले, “लक्ष कुठे होते?” मी मान खाली घातली आणि यापुढे अधिक लक्ष देईन, अशी मनाशी शपथ घेतली.

ती शपथ मी शक्य तितकी पाळली. परंतु त्या घटनेतून मी चुकीचा धडा घेतला, हे मला माडीवर उलटलेली बस पाहताना समजले. दक्षता हवीच, पण थकवा, भूक, झोप आणि खालून येणारी हाक ज्याला कधीच विचलित करणार नाही असा मनुष्य जन्माला यायचा आहे. त्या रात्री त्या सिस्टर रजेवर असत्या, तर माझ्या शपथेचा त्या बाळाला काय उपयोग होता?

आम्ही दुसरे फाटक केले. रुळांमध्ये रीड स्विच बसवला. चुंबक जवळ येताच जुळणाऱ्या दोन पात्यांची ती इवलीशी काचनळी असते. इंजिनाच्या पोटाला चुंबक चिकटवला. इंजिन त्या स्विचवरून गेले की एक छोटी सर्व्हो मोटर फाटक खाली आणी. फाटक पडायला चार सेकंद लागत आणि गाडी सेकंदाला २० सेंटिमीटर धावे. म्हणजे स्विच फाटकाच्या किमान ८० सेंटिमीटर आधी हवा. आम्ही तो १२० सेंटिमीटरवर ठेवला. हा हिशेब मुलाने स्वतः केला. शेवटच्या डब्यालाही चुंबक लावला, म्हणजे संपूर्ण गाडी निघून गेल्यावरच फाटक उघडेल. आता गेटमन खुशाल आंबा खायला जाऊ शकत होता. मी म्हटले, झाले तुझे चालते फाटक.

चौथ्या दिवशी मोटरच्या दांड्यात दोरा अडकला. फाटक अर्ध्यावर थांबले. गाडी मात्र थांबली नाही, कारण फाटक पडले की नाही हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. बस पुन्हा उलटली. या खेपेला “लक्ष कुठे होते” हे विचारायलासुद्धा कोणी नव्हते.

तेव्हा मी त्याला खरे फाटक दाखवायला दक्षिण गोव्यात नेले. मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारा पोर्तुगीज काळातील रेल्वेमार्ग १८८८ मध्ये सुरू झाला. मडगावच्या पुढे त्यावर रस्ता ओलांडणारी फाटके आहेत. एका फाटकापाशी गेटमनने मुलाच्या प्रश्नांना कौतुकाने उत्तरे दिली. स्टेशनवरून फोन येतो, फाटक बंद करायचे, कुलूप लावायचे. “आणि तुम्ही विसरलात तर?” मुलाने विचारले. गेटमन हसून म्हणाले, “विसरलो तर गाडी उभी राहील. फाटक बंद होऊन कुलपातली किल्ली सुटल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही.”

रेल्वेच्या भाषेत याला इंटरलॉकिंग म्हणतात. सांधे आणि सिग्नल एकमेकांना अशा रीतीने बांधण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये घेतले. गेटमन चुकणार नाही, असे हे तत्त्व गृहीत धरत नाही. तो कधीतरी चुकणारच, असे मानून त्या चुकीचा परिणाम अपघात न होता खोळंबा व्हावा, अशी ते व्यवस्था करते.

घरी येऊन आम्ही तिसरे फाटक केले. फाटकाची काडी पूर्ण खाली आली की दाबला जाईल असा एक मायक्रोस्विच खाली बसवला. फाटकाच्या अलीकडील ४० सेंटिमीटर रूळ विजेपासून तोडला आणि त्याचा पुरवठा त्या स्विचमधून नेला. फाटक पडले नाही तर तेवढ्या रुळाला वीजच मिळत नाही. गाडी आपोआप थांबते. मी मुद्दाम दोरा अडकवून पाहिला. गाडी फाटकाआधी एक वीत थांबली. तेव्हा ते फाटक खऱ्या अर्थाने चालते झाले.

फाटक नुसते हलणे आणि फाटकाने काम करणे यांतील हे अंतर खेळापुरते नाही. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरला रक्षकविहीन फाटकावर गाडीने उडवले आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर येथे अशाच ठिकाणी शाळेच्या व्हॅनमधील १३ मुले मृत्युमुखी पडली. जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरील रक्षकविहीन फाटके संपवण्यात आली. आता प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटले. परंतु ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला गाडीने धडक दिली आणि तीन मुले गेली. तेथे फाटक होते, गेटमनही होता. ते फाटक सिग्नलशी जोडलेले नव्हते.

आता आपल्या व्यवसायाकडे वळू. ऑक्सिजनच्या सिलिंडरची खोबण नायट्रस ऑक्साइडच्या जागी बसतच नाही. पोलिओ लसीच्या कुपीवरील चौकोन उष्णतेने काळवंडून स्वतःच सांगतो की मला वापरू नका. लसीकरणातील एकदाच वापरता येणारी सिरिंज दुसऱ्यांदा ओढली जात नाही. ही आपली इंटरलॉक केलेली फाटके आहेत. मुलांच्या औषधांची मात्रा मात्र आजही बहुतेक दवाखान्यांत दोऱ्याच्या फाटकावर चालते, आणि दोरा धरणारा असतो एक थकलेला मनुष्य.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. सर्व काही व्यवस्थेवर सोपवले तर डॉक्टरची दक्षता बोथट होईल, असे अनेक ज्येष्ठ सहकारी म्हणतात. त्यात तथ्य आहे. फाटक अकारण फार आधी पडले तर लोक त्याखालून वाकून जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रत्येक यंत्र सतत पिपाणी वाजवू लागले तर वॉर्डातही कोणी मान वर करीत नाही. म्हणून अशी बंधने थोडी असावीत, पण जेथे चूक प्राणघातक ठरते तेथे अवश्य असावीत. गेटमन त्या दिवशी मुलाशी इतक्या निवांतपणे बोलू शकले, कारण किल्लीने त्यांच्या खांद्यावरचा निम्मा भार उचलला होता. त्यांची दक्षता त्यामुळे बोथट झालेली मला दिसली नाही.

आपल्या संस्थेपुढे माझ्या सूचना साध्या आहेत. बालरुग्णाच्या कागदावर किलोग्रॅममधील वजन लिहिलेले नसेल, तर औषधविक्रेत्याने औषध देऊ नये. वजन हा हिरवा सिग्नल समजावा. मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि मिलिलिटरमध्ये, दोन्ही प्रकारे लिहावी. दशांश चिन्हाआधी शून्य अवश्य लिहावे, पूर्णांकानंतर ते कधीही लिहू नये. धोक्याची इंजेक्शने वेगळ्या कपाटात ठेवावीत आणि ती देण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीने हिशेब नव्याने करावा. पातळ औषधासोबत मापाची सिरिंज द्यावी. स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हे. आणि पालकांना माझी विनंती आहे की “डॉक्टर, बाळाचे वजन लिहिले का?” असे निःसंकोच विचारावे. ज्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येतो, त्याने माझ्या त्या सिस्टरांची आठवण काढावी. त्यांना मी त्या रात्री नीट धन्यवादही दिले नव्हते. मी लाजलो होतो, आणि लाज माणसाला उद्धट बनवते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मुलगा परत गेला. जाण्याआधी त्याची एक तक्रार होती. धूळ बसून स्विच कधी कधी नीट दाबला जात नाही, आणि फाटक बंद असूनही गाडी उगाच थांबते. मी त्याला म्हटले, “थांबू दे. स्विच पूस आणि पुन्हा सोड.” त्याने स्विच पुसला. गाडी निघाली आणि बस आपल्या जागी सरळ उभी होती.