बाणाची काठी

दिवाळीत आमच्या मांजर्लीच्या गल्लीत सर्वांत अधिक उडतो तो बाण. रिकाम्या बाटलीत त्याची काडी उभी करायची, वातीला उदबत्ती लावायची आणि कानांवर हात ठेवून पळायचे! काडी हलकी असली की हा बाण उंच जातो. तेव्हा बाण जितका हलका तितका चांगला, अशी मुलांची समजूत झाली तर नवल नाही. नवल वाटते ते मोठ्यांचे. रामलक्ष्मणांच्या तसबिरी पाहत आपण वाढलो. पण बाणाची काठी कशाची करतात आणि ती किती जड असावी, हे शंभरांतल्या एकालाही सांगता यायचे नाही. भात्यात हात घातला की बाण तयार सापडतो, एवढाच आपला धनुर्वेद!

मराठीचा मास्तर शब्दापासून सुरुवात करणार, हे ओघानेच आले. 'शर' हे मुळात एका उंच गवताचे नाव. कार्तिकेय ज्या शरवनात जन्मला ते याच गवताचे. म्हणजे साधा बाण हा गवताच्या कांडीचा. परंतु कौटिल्याने शस्त्रागाराच्या प्रकरणात बाणाचे पाच प्रकार नोंदले आहेत: वेणू, शर, शलाका, दंडासन आणि नाराच. वेणू बांबूचा, शर गवताचा, शलाका कठीण लाकडाची असे टीकाकार सांगतात. आणि नाराच तर सबंध लोखंडाचा. हलक्यापासून जडापर्यंत अशी ही उतरंड लावून ठेवणारा माणूस उगाच शब्द वाढवणाऱ्यांतला नव्हता. ज्या कामाला जो बाण, तो त्या कामाला, हा त्यातला हिशेब.

हाच हिशेब विलायतेतही मांडला गेला. १५४५ साली रॉजर ॲस्कम या पंडिताने धनुर्विद्येवर एक ग्रंथ छापला. लढाईच्या बाणाला ॲश या झाडाचे जड लाकूड घ्या, हलक्याच्या नादी लागू नका, असा त्याचा आग्रह. योगायोग असा, की त्याच वर्षी 'मेरी रोझ' हे इंग्रजांचे लढाऊ जहाज बुडाले. ते १९८२ साली वर काढले. त्यात हजारो बाण सापडले, आणि त्यांतले पुष्कळसे निघाले हलक्या पॉप्लरचे! पंडिताचे कोण ऐकतो, हा अनुभव काही एकट्या आपल्याच देशातला नव्हे.

पण जड बाण हवा कशाला? एकच धनुष्य घ्या आणि त्यावरून दोन बाण सोडा, एक हलका आणि एक त्याच्या दुप्पट वजनाचा. धनुष्याने दोघांना सारखीच शक्ती दिली असे धरले, तर जड बाणाचा वेग हलक्याच्या सात दशांश भरेल. मात्र लागल्यावर पुढे रेटत जाण्याचा त्याचा जोर सुमारे एक पूर्णांक चार पट होईल. शिवाय जड बाण धनुष्याची शक्ती अधिक पचवतो. त्यामुळे धनुष्य कमी हादरते आणि आवाजही कमी होतो. हलका बाण दूर जातो हे खरे. पण हाडाशी गाठ पडली की तो थबकतो. मग जखमी जनावर रानात निघून जाते आणि दोन दिवस तडफडून मरते. जड बाण जवळून मारावा लागतो, त्यासाठी तास न् तास दबा धरून बसावे लागते. पण तो आरपार जातो आणि काम लवकर संपवतो. शिकारीसारख्या क्रूर कामात दया कुठे असेलच, तर ती या वजनात आहे.

आता काठीकडे वळू. नऊ मिलिमीटर जाडीची आणि पाऊण मीटर लांबीची काठी देवदाराची केली, तर तिचे वजन पंचवीस-सव्वीस ग्रॅम भरते. तीच धामणीची केली तर पस्तीस-सदतीस, आणि अंजनाची केली तर पन्नाशी गाठते. अंजनाचे वाळलेले लाकूडही पाण्यात बुडते. त्यावर रंधा चालवताना सुतार घामाघूम होतो. म्हणून मधला मार्ग धामणीचा. (धामण म्हणजे साप नव्हे, वाचकहो, झाड!) धामणीचे लाकूड जड, चिवट आणि लवचीक. कावडीचे दांडे आणि कुऱ्हाडीचे दांडे तिचे करतात ते याच गुणांसाठी. खांद्यावर हंड्यांचा भार घेऊन जी काठी लवते पण मोडत नाही, ती बाणाला नापास होण्याचे कारणच नाही.

लाकूड निवडताना पाहायची ती रेषा. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे, मध्ये गाठ नको. म्हणून बाणाचे लाकूड करवतीने कापू नये, पाचर मारून फाडावे. करवत रेषेला जुमानत नाही. पाचर मात्र रेषेच्याच वाटेने जाते. फाडलेल्या चिपा दिवाळीनंतर सावलीत बांधून ठेवाव्या आणि मृगापर्यंत त्यांना हात लावू नये. नंतर चौकोनी काठीची अष्टकोनी करावी, अष्टकोनीची गोल. शेवटी काचेच्या तुकड्याने तासून काचकागद फिरवावा. एवढे करूनही काठी थोडी वाकडी निघतेच. वाकलेला भाग निखाऱ्यावर धरून तापवायचा आणि हाताने हळूहळू सरळ करत थंड होऊ द्यायचा. दोरीची खाच वर्षावळ्यांना आडवी घ्यायची, नाहीतर पहिल्याच फेकीला काठी उभी चिरते. खाचेखाली दोऱ्याचे वेढे द्यावेत, वरून जवसाचे तेल चोळावे.

तरीही काम संपत नाही. सुटताना बाण धनुष्याला वळसा घालून जातो, आणि त्यासाठी काठीला थोडे वाकावे लागते. फार ताठ काठी एका बाजूला जाते, फार लवचीक दुसऱ्या बाजूला. म्हणून दहा काठ्या तासल्या तर त्या तोलून, वाकवून पाहून सारख्या वजनाच्या आणि सारख्या ताठरपणाच्या तेवढ्या एकत्र ठेवायच्या. दहांतल्या सहा जमल्या तरी भाग्य.

आपल्याकडचे धनुर्धर बहुधा बांबूवर आणि बोरूवर भागवत आले. खानदेशातील भिल्लाच्या कामठ्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिपेची असते. बदलापुरातून दिसणाऱ्या चंदेरीच्या पायथ्याला आणि पुढे कर्जत-मुरबाडकडे ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कातकऱ्यांचे नावच मुळी कातावरून पडले, आणि कात निघतो खैरातून. म्हणजे या जमातीची ओळखच एका कठीण लाकडाशी बांधलेली! कोणते लाकूड चिरते, कोणते तापवले की वळते, हे ज्ञान अशा घरांत पिढ्यान् पिढ्या हातांतून हातांत गेले. त्याची पोथी कोणी लिहिली नाही.

आज त्या बाणाने ससा मारणेही गुन्हा आहे. वन्य जीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला, आणि तो योग्यच झाला. उरलेले रान जगायचे तर दुसरा उपाय नव्हता. धामण तोडायलाही आता परवानगी लागते. नेमबाजीचा बाण मात्र मैदानावर जिवंत आहे. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी सुवर्णपदके मिळवली. त्यांचे बाण कारखान्यातून येतात, एकासारखा एक. त्यांना मृगाची वाट पाहावी लागत नाही.

शिकार गेली, याचे दुःख करू नये. परंतु शिकारीबरोबर झाडांची ओळखही जावी, असे कायद्यात कुठे लिहिलेले नाही. जे ज्ञान जनावर मारायला वापरले, ते कुऱ्हाडीचा दांडा, कावड, नांगराची मूठ आणि मुलाचा खेळण्यातला धनुष्यबाण करायलाही पुरते. बदलापूरच्या बाजारात रानभाजी किंवा सरपणाची मोळी घेऊन म्हातारा बाबा बसलेला दिसला, तर भाव करण्याआधी त्याला मोळीतल्या चार काठ्यांची नावे विचारा. तो न चाचरता सांगेल, आणि कोणती कशाला चालते तेही सांगेल. त्याचा नातू सांगेल की नाही, ते मात्र तुम्ही आम्ही आज विचारतो की नाही यावर आहे.