वय कोणाचं तपासायचं?

र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. वाचक सोळाचा की साठीचा, याच्याशी त्या खटल्याला देणंघेणं नव्हतं. वयाची रेघ ठळक झाली ती सिनेमाच्या ‘ए’ प्रमाणपत्राने, आणि के. ए. अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ही वर्गवारी ग्राह्य धरली. त्या काळी नांदेड-लातूरच्या टॉकीजवर तिकीट फाडणारा पोराच्या मिसरुडाकडे बघून ठरवायचा. तो फसायचा, काणाडोळाही करायचा. पण दाराशी माणूस होता, आणि पुष्कळदा तो पोराच्या बापाला ओळखायचा.

मोबाईलने तो माणूस काढून टाकला. आधी दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि २०२० मध्ये शाळेनेच फोन लेकरांच्या हाती दिला. सरकारने २०१५ मध्ये ८५७ अश्लील संकेतस्थळं बंद केली, काही दिवसांत माघार घेतली. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा शेकडो बंद झाली. नवी निघायला वेळ लागला नाही. बाकी उरलं ते ‘मी अठरा वर्षांचा आहे’ हे बटण.

ब्रिटनने जुलै २०२५ पासून अशा संकेतस्थळांना वयाची खरी तपासणी सक्तीची केली. आपल्याकडेही तशी अट हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मुखेड किंवा निलंग्याच्या घरात हँडसेट एकच, सिम वडिलांच्या आधारवर घेतलेलं. तिथे कागद तपासला तर वय बापाचं निघेल आणि पाहणारा तेरा वर्षांचा असेल. शिवाय कोणी काय पाहिलं याची नोंद आधारला जोडून कंपन्यांकडे साठली, तर ती फुटल्यावर अब्रू जाईल ती घरातल्या बाईची आधी. म्हणून तपासणीतून ‘अठरा पूर्ण, हो की नाही’ एवढंच पुढे जावं, नाव नाही, नंबर नाही. आणि मुलांसाठीचं कुलूप हँडसेटमध्येच असावं, विकतानाच दुकानदाराने लावून दाखवलेलं.

पैनगंगेपलीकडच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून अठराखालच्यांना मोबाईलबंदी केली. त्यामागची काळजी खरी आहे. मात्र सतराव्या वर्षाला आणि सातव्या वर्षाला एकाच दावणीला बांधून भागत नाही.

मला जास्त खुपतं ते दुसरंच. २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांमधला किशोरवयीन लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम रोखला. नीट सांगणारं दार लावून घेतलं आणि काही वर्षांतच वाईट शिकवणारं दार खिशात आलं. लातूरला पोर क्लासला ठेवताना कित्येक बाप बटणाचा फोन देतात. पुढे नोट्स ग्रुपवर येतात म्हणून स्मार्टफोन घ्यावाच लागतो. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी ही मुलं मानवी प्रजननाचा धडा तोंडपाठ करतात. संमती म्हणजे काय, पडद्यावरचं ते किती खोटं असतं, हे त्यांना मेसवर किंवा रूमवर कोण सांगणार? नव्या बॅचच्या पालक मेळाव्यात फी आणि हजेरीबरोबर हा विषय घ्यायला क्लासवाल्यांना कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.