थिजलेली बाटली

गेल्या पौषात आम्ही बारवी धरणावर गेलो होतो. सोबत एक स्नेही आणि त्यांच्या सौभाग्यवती. स्नेह्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून वहिनींनी घरातून तेलातुपाची पार हकालपट्टी केलेली. वाटेत एका पाड्यावर चहाला थांबलो. चुलीपासून दूर, फळीवर मोहाच्या बियांचे तेल पहाटेच्या गारठ्याने थिजले होते. शेजारच्या बाटलीतले खुरासणीचे तेल मात्र पातळच.

म्हटले, वहिनी, या दोन बाटल्यांतच सारे शास्त्र आहे! थिजणाऱ्या स्निग्धात संपृक्त आम्ले बरीच असतात. ती रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढवतात, म्हणून तूप-खोबरेल हात राखून वापरावे. पातळ राहणाऱ्यात असंपृक्त आम्ले अधिक, आणि त्यांतली काही तर शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. पेशींची आवरणे स्निग्धाचीच. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही त्याच्याच संगतीने अंगी लागतात. मग नुसत्या उकडलेल्या गाजराने काय साधणार?

खरा वैरी तिसराच. पातळ तेलात हायड्रोजन अर्धवट मिसळून ते घट्ट केले की ट्रान्स आम्ले उपजतात. हृदयाला याहून वाईट स्निग्ध नाही. जुन्या वनस्पती तुपाचा हाच दोष. २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात त्यांना २ टक्क्यांची मर्यादा आहे.

यंदा वहिनींनी डॉक्टरांना विचारून शेंगदाणा तेलात चकल्या तळल्या. स्नेह्यांच्या वाट्याला दोनच. "उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका," मी म्हणालो.

"उरेल कशाला? मोजूनच घेतले होते!"