चित्रकाराच्या श्रमाचे मोल

कर्जत-खालापूर पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबाची मजुरी ठरते ती हजार विटांच्या हिशेबाने. आधी घेतलेली उचल तीतून वळती होते आणि हंगामाअखेर हाती फारसे काही उरत नाही. नियतकालिकांच्या चित्रकारालाही बहुधा पानामागेच मोबदला मिळत आला आहे. या दोघांना एका पंक्तीत बसविणे कोणास विचित्र वाटेल. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोघेही नगावर राबणारे श्रमिकच होत. भेद इतकाच की वीट एकदा विकली जाते, चित्र मात्र प्रत्येक आवृत्तीबरोबर पुन्हा विकले जाते.

राम वाईरकरांची कारकीर्द या संदर्भात आठवावी. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्रकथे'तील 'कृष्ण' वाईरकरांनी रेखाटला. १९८० मध्ये निघालेल्या 'टिंकल'मधील सुप्पंडीला रूप दिले तेही त्यांनीच. २००३ साली ते निवर्तले. २००७ मध्ये या प्रकाशनांची मालकी बदलली. त्यांचा कृष्ण आणि सुप्पंडी मात्र पिढ्यांमागून पिढ्या वाचत आहेत.

प्रश्न कोणा एका प्रकाशकाच्या दानतीचा नाही, व्यवस्थेचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क सामान्यतः नोकरी देणाऱ्याचा. स्वतंत्र चित्रकार तोच हक्क गरजेपोटी लिहून देतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा मिळाला आणि तो सोडून देण्यास भाग पाडता येणार नाही, अशी तरतूद झाली. कथाचित्रकार मात्र या संरक्षणाबाहेरच राहिला.

भांडवलशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेत, याहून निराळे घडले नाही. जेरी सीगल व जो शुस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. उतारवयात त्यांची विपन्नावस्था चव्हाट्यावर आली, तेव्हा कुठे १९७५ मध्ये वार्षिक निवृत्तिवेतन पदरी पडले. तो न्याय नव्हता. लोकलज्जेने दिलेली भरपाई होती.

दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचे 'दीपावली' काढून निराळी वाट चोखाळली. पण प्रत्येक चित्रकाराने मालक व्हावे, हा उपाय नव्हे. भट्टीवरच्या प्रत्येक कातकऱ्याला भट्टीमालक होण्याचा सल्ला देण्यासारखेच ते होईल. हवी ती संघटना, लेखी करार आणि प्रत्येक पुनर्मुद्रणात कायद्याने बांधलेला वाटा. सरकारी प्रकाशनांनी याचा आरंभ करावा. ज्या हातांनी मुलांना देव आणि विदूषक दाखविले, त्या हातांचा हिशेब पानाबरोबर संपवणे समाजाला शोभत नाही.