सोयाबीन इथलं, अंडं परगावचं

खरिपात वाशीम जिल्ह्याचं शिवार सोयाबीननं भरून जातं. त्याचं तेल निघालं की प्रथिनांनी भरलेली ढेप कोंबडीखाद्यात जाते. इथल्या मालावर बाहेरच्या कोंबड्या पोसल्या जातात आणि त्यांची अंडी तीस-तीसच्या ट्रेमधून आपल्याकडे विकायला येतात. पूर्वी परसातल्या गावरान कोंबडीचं अंडं निदान घरच्या लेकराच्या ताटात पडायचं. आता ज्याच्या हाती रोख पैसा, त्याच्याच घरी अंडं. बाकीच्या मुलांपर्यंत ते पोचायला एकच भरवशाची वाट होती, ती म्हणजे शाळा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, दर अंड्यामागे पाच रुपये. जानेवारी २०२५ मध्ये तो निधी थांबला आणि अंडं द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. साठ पटाच्या शाळेला आठवड्याला दोन ट्रे लागतात, जुन्या दरानं तीनशे रुपये. तालुक्याच्या गावी एखादा व्यापारी तेवढे देईलही. पण मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावर, जिथं आईबापच मजुरीसाठी गाव सोडतात, तिथं मुख्याध्यापकांनी वर्गणी मागायची कुणाकडे? गरज जिथं जास्त तिथंच दाते कमी, म्हणून अंडंही तिथंच आधी बंद होणार. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत वाशीम आहे आणि आरोग्य व पोषण हा तिथला मोठा निकष आहे. त्या जिल्ह्यातल्या मुलांचं पोषण देणगीवर सोडणं मला मान्य नाही.

शाकाहारी कुटुंबांचा आक्षेप मनापासूनचा आहे. कारंज्यासारख्या जुन्या जैन परंपरेच्या गावात तो समजून घ्यायलाच हवा. पण मूळ निर्णयातच अंडं न खाणाऱ्या मुलाला केळं किंवा स्थानिक फळ होतं, सक्ती कुणावरच नव्हती. डाळ आहेच की, असंही म्हणतात. डाळ हवीच, पण खिचडीतली डाळ पातळ करता येते, अंडं पातळ करता येत नाही. सोललेलं अख्खं अंडं मुलाच्या हातात पडलं की सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं त्याला मिळाली, हे कुणालाही दिसतं. पैसा नाही म्हणावं, तर तामिळनाडूत शाळेचे पाचही दिवस अंडं मिळत आलं आहे. सरकारनं हा निधी पुन्हा सुरू करावा आणि दर बाजारभावाशी जोडावा, कारण हिवाळ्यात पाच रुपयांत अंडं मिळत नाही. तोवर वाशीम जिल्हा परिषदेनं स्वनिधीतून तरतूद करावी, सुरुवात तांड्यांवरच्या शाळांपासून.