शोभेचा सब्जा आणि घरचे बियाणे

शेजारच्या वृंदावनाखाली उगवलेले तुळशीचे रोप मागून आणावे, वाढवावे आणि पुढे दुसऱ्यास द्यावे, अशी आपल्याकडील चाल होती. या व्यवहारात पैसा नव्हता. परंतु उत्पादन होते, विनिमय होता आणि ज्ञानही होते. तुळशीच्याच कुळातील, फालुद्यात ज्याचे बी घालतात तो सब्जा आता शोभेचे झाड म्हणून गच्चीतील कुंड्यांत येतो आहे. मात्र त्याच्याबरोबर ही जुनी चाल आलेली नाही.

जांभळ्या पानांचा सब्जा देखणा, यात वाद नाही. ‘डार्क ओपल’ हे त्याचे प्रसिद्ध वाण अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठात निपजले आणि १९६२ मध्ये त्यास तेथील उत्कृष्ट नव्या वाणांचा बहुमान मिळाला. संशोधकाच्या आणि रोपवाटिकावाल्याच्या श्रमाचे मोल पहिल्या खरेदीत अवश्य द्यावे. प्रश्न दुसऱ्या खरेदीचा आहे. सब्जा वर्षायू, बी धरून झाले की झाड वाळते आणि ग्राहक पुन्हा दुकानाची वाट धरतो. जे भांडवल होऊ शकते, ते आपण उपभोग्य वस्तू म्हणून संपवतो.

वस्तुतः निसर्गाने येथे व्याजाचा दर फार उदार ठेवला आहे. सब्जाच्या एकेका फुलाच्या पेल्यात चारपर्यंत बिया धरतात. सहा तास ऊन, निचऱ्याची माती आणि वेळोवेळी खुडलेले शेंडे, एवढ्यावर रोप दाट होते. दोनतीन मंजिऱ्या मात्र न खुडता तपकिरी होईपर्यंत राखाव्यात, तळहातावर चोळून बी पाखडावे व कोरड्या बाटलीत ठेवावे. एक अडचण खरी. मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात. जवळ हिरवा सब्जा असल्यास पुढच्या पिढीत काही रोपे हिरवी निघतात. ती वेगळी काढून जांभळ्या रोपांचेच बी धरावे. बियाण्याची निवड म्हणतात ती हीच. १९८३ मध्ये ओहायोत आढळलेला ‘आफ्रिकन ब्लू’ हा संकर बी धरत नाही. परंतु त्याच्याही फांदीला पाण्यात मुळे फुटतात.

दोन मंजिऱ्यांची एवढी चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याने शेतकऱ्यास बी राखण्याचा, पेरण्याचा व त्याची देवाणघेवाण करण्याचा हक्क दिला. परंतु सवय मोडली की कायद्याने दिलेला हक्कही कागदावर उरतो. बी कसे धरावे हेच ज्या मध्यमवर्गास ठाऊक नाही, त्याला शेतकऱ्याचा बियाण्याचा प्रश्न परका वाटणार, आणि धोरणे ठरविताना आवाज याच वर्गाचा मोठा असतो.

येत्या हंगामात शोभेचे रोप अवश्य विकत घ्यावे. पुढच्या वर्षी त्याचे बी शेजाऱ्यास फुकट देता येईल, अशा बेताने मात्र ते वाढवावे.