घराच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

२८ मार्च २०२५ रोजी अमेझॉन कंपनीने अमेरिकेतील एक सोय काढून घेतली. इको या स्मार्ट स्पीकरच्या काही मोजक्या प्रकारांत, आवाजाचे ध्वनिमुद्रण कंपनीकडे न पाठवता बोलणे यंत्रातच ओळखण्याचा पर्याय तोवर होता. त्या दिवसापासून तो संपला. बातमी छोटी होती; तिच्यातील बोध मात्र छोटा नाही.

दिवे, पंखे, पाण्याचा पंप यांचे नियंत्रण घरातल्याच संगणकावर ठेवणारी ‘होम असिस्टंट’ ही मुक्त प्रणाली २०१३ मध्ये पाउलस स्खाउट्सेन यांनी सुरू केली. तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावरही ती चालते. इंटरनेट बंद पडले तरी दिवा लागतो आणि घरात कोण कधी आले-गेले याची नोंद घरातच राहते. तंत्रज्ञानातील स्वावलंबन म्हणतात ते हेच.

पुढे घरातूनच मागणी येते, तोंडाने सांगितले की दिवा लागला पाहिजे. ही मागणी चैनीची म्हणून हसण्यावारी नेऊ नये. गुडघेदुखीने जखडलेल्या आजींना किंवा दृष्टी अधू झालेल्या आजोबांना तो मोठाच आधार असतो. प्रश्न आहे तो मार्गाचा.

या स्वावलंबी प्रणालीला अलेक्सा जोडली की काय होते? ‘दिवा लाव’ हे शब्द प्रथम कंपनीच्या दूरस्थ संगणकाकडे जातात. तेथे त्यांचा अर्थ लावला जातो. मग आज्ञा इंटरनेटवरून पुन्हा घरी येते. त्यासाठी घरच्या संगणकाला बाहेरच्या जगाकडे एक दार उघडावे लागते. दोन हातांवरच्या दिव्यासाठी एवढा प्रवास! आणि त्या प्रवासात घराची दिनचर्या परक्याच्या वहीत उतरत जाते.

ही भीती काल्पनिक नव्हे. २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या प्रसारण संस्थेने गूगल असिस्टंटची हजाराहून अधिक ध्वनिमुद्रणे तपासली. त्यांतील १५३ संभाषणे मुळात मुद्रित व्हायलाच नको होती. यंत्राला कोणी हाक मारलीच नव्हती. मुलांची ध्वनिमुद्रणे जपून ठेवल्याच्या प्रकरणी २०२३ मध्ये अमेझॉनला अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड मान्य करावा लागला. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा एकमताने दिला आहे. परंतु जो अधिकार आपणच सोयीपोटी सोडून देतो, त्याचे रक्षण न्यायालय किती करणार?

म्हणून जोडणी करायचीच असेल, तर विवेकाने करावी. होम असिस्टंटमध्ये कोणती उपकरणे बाहेर दाखवायची हे ठरवता येते. दिवे-पंखे खुशाल दाखवावेत. दाराचे कुलूप, कॅमेरा आणि शयनगृह मात्र यादीबाहेर ठेवावे. त्याहून चांगला मार्ग घरातच आवाज ओळखण्याचा. होम असिस्टंटने २०२३ हे वर्ष आवाजासाठीच वाहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःचे ध्वनियंत्रही आणले. २०२२ मध्ये खुली झालेली ‘व्हिस्पर’ ही वाणी-ओळख प्रणाली मराठीही ओळखते. मात्र इंग्रजीइतकी अचूक नाही. ती उणीव भरून काढण्याचे काम मराठी अभियंत्यांनी अंगावर घ्यावे, असेच आहे.

सोय हवीच, परंतु पाहुण्याला ओसरीवर बसवावे, तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देऊ नये, हे जुने शहाणपण नव्या यंत्रांनाही लागू आहे.